घोट्यापर्यंत पाणी

मला पाण्याची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. बोळिंजच्या आमच्या सोसायटीची टाकी भरून वाहायला लागली की बाकीचे लोक पंप चालवणाऱ्याला शिव्या घालतात, मी आधी जिन्याच्या दोन पायऱ्या वर चढतो. पोहायला मी कधी शिकलो नाही, आणि शिकवायला निघालेल्या माणसांपासून आयुष्यभर लांब राहिलो. असा मी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, भर समुद्रात उभा राहून मासे धरायला गेलो. याला कारण माझं गाव.

माझं गाव लांजा तालुक्यात, म्हणजे कोकणात. आता कोकण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच नारळ, होडी आणि होडीत उभा असलेला मी येतो. प्रत्यक्षात आमच्या गावाहून समुद्र बघायचा तर एसटी बदलून जावं लागतं, आणि गावातल्या पाण्याबद्दल बोलायचं तर एक विहीर आहे, ती मे महिन्यात आटते. पण हे कोणाला सांगणार? सोसायटीत गणपती विसर्जनाला न्यायची वेळ आली की "लांजेकर पुढे व्हा, तुम्ही कोकणातले," असं सगळे म्हणतात आणि मी गंभीर चेहऱ्याने पुढे होतो. अशा वेळी माणसाला आपली इज्जत सांभाळावीच लागते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा प्रीतम हा अंधेरीला नोकरीला जाणारा, मोबाइलवर व्हिडिओ पाहून वेडा होणारा तरुण. आधी त्याने घरी मध काढायचा घाट घातला होता, तो मधमाश्यांनीच हाणून पाडला. मग त्याला फ्लाय-फिशिंगचं वेड लागलं. यात गांडूळ नसतं, कोळंबी नसते. गळावर पिसांची एक खोटी माशी बनवायची, ती काठीच्या लांबलचक दोरीला बांधून चाबकासारखी हवेत फिरवायची आणि उथळ पाण्यात उभं राहून माशाच्या नाकासमोर अलगद ठेवायची. मासा फसला की त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं. परदेशात म्हणे लोक यासाठी विमानाने बेटांवर जातात. "आपल्याकडे अर्नाळ्याच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी ओहोटीला तसाच सपाट पट्टा उघडा पडतो, काका. सेम टू सेम. फक्त कोणी ट्राय नाही केलं," प्रीतम म्हणाला. कोणी ट्राय का केलं नसेल, हा विचार माझ्या मनात लगेच आला होता.

सराव पार्किंगमध्ये सुरू झाला. पहिल्याच दिवशी प्रीतमची माशी उडाली ती तळमजल्यावरच्या सुशीलाताईंच्या वाळत घातलेल्या गाऊनला जाऊन लागली आणि गाऊन दोरीसकट खाली आला. त्यावर आमचे सेक्रेटरी विठ्ठलराव यांनी 'सोसायटीच्या आवारात मासेमारी करू नये' अशी सूचना फळ्यावर लिहिली. लिहून झाल्यावर सूचना पाळली जाते की नाही हे पाहायला ते खाली थांबले, थांबल्या थांबल्या त्यांनी काठी हातात घेऊन पाहिली, आणि अंधार पडेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. विठ्ठलराव मूळचे कराडचे. कृष्णाकाठी जन्मलेला माणूस पाण्याला काय भीक घालणार, असं ते स्वतःच म्हणाले. प्रीतमकडे तर पोहण्याच्या तलावाचं कार्ड होतं. मी मनात म्हटलं, दोघं पोहणारे सोबत असले तर एकाला न पोहून चालेल.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरून एक रावस, दुसऱ्यावरून जिताड्याची तुकडी, अशा मागण्या आल्या. आम्ही मासे आणणार नाही, सोडून देणार आहोत, असं सांगितलं की समोरचा माणूस मला नीट न्याहाळायचा आणि आवाज बारीक करून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारायचा. सुशीलाताईंनी मात्र मला जिन्यात गाठून पाकटाची माहिती दिली. पाकट हा मासा उथळ पाण्यात रेतीखाली लपून बसतो, त्याच्या शेपटीला काटा असतो, आणि त्यांच्या नणंदेच्या दिराच्या पायाला तो लागला तेव्हा त्या गृहस्थाने तीन गावांना ऐकू जाईल अशी बोंब मारली होती. "पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही कोकणातले," असं म्हणून त्या गेल्या. मी त्यानंतर दोन रात्री पाय पांघरुणाच्या आत घेऊन झोपलो.

परवानगी काढली पाहिजे असं विठ्ठलरावांचं म्हणणं पडलं. विनापरवाना त्यांना शिंकही येत नाही. एका कार्यालयात आम्ही तिघं गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मासे धरून पुन्हा सोडणार, तर याची नोंद आवक म्हणून करायची की जावक म्हणून? शिवाय त्या पट्ट्यावर पाणी असतं तेव्हाच तो आमच्याकडे येतो, कोरडा असतो तेव्हा दुसऱ्या कार्यालयाकडे, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत एकच प्रश्न केला. "तुम्ही जाल तेव्हा पाणी असेल की नसेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या.

"घोट्यापर्यंत असेल," मी म्हणालो.

घोट्यापर्यंतचं पाणी कोणाचं हे वरिष्ठांना विचारावं लागेल आणि वरिष्ठ रजेवर आहेत, असं उत्तर मिळालं. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचा म्हणावा असा प्रश्न त्या बाईंनीच काय तो विचारला, आणि आम्ही तो कार्यालयीन कटकट म्हणून सोडून दिला.

आता दिवस ठरवायचा होता. सुट्टीचा वार रविवारच. पहिल्या रविवारी अष्टमी होती, पण त्या दिवशी पार्किंगच्या विषयावर सोसायटीची सभा होती आणि सेक्रेटरींनी सभा सोडून जाणं शोभलं नसतं. त्यापुढच्या रविवारी अमावस्या. अमावस्येला कोणी शुभकार्य करतं का, असं म्हणून विठ्ठलरावांनी तो दिवस हातानेच झटकून टाकला. तिसऱ्या रविवारी पुन्हा अष्टमी, पण प्रीतमच्या सासरी बारसं. उरला चौथा, आणि तो निघाला थेट पौर्णिमेचा. विठ्ठलरावांनी कालनिर्णयावर टिचकी मारली. चांगला दिवस, सुशीलाताईंकडे सत्यनारायण, सकाळी मासे धरून सोडायचे, दुपारी प्रसाद घ्यायचा. ठराव एकमताने मंजूर झाला. समुद्राला अमावस्या आणि पौर्णिमा सारख्याच, दोन्हीला उधाण, हे आमच्यापैकी कोणाला आठवलं नाही. ज्या दोन अष्टम्यांना समुद्र गरीब गाईसारखा असतो, त्या आम्ही पार्किंगला आणि बारशाला देऊन टाकल्या होत्या.

माझी बायको आशालता ही या जगात एकटीच अशी आहे जिला माझ्या भीतीची पूर्ण कल्पना आहे. तिने मला जाऊ नका असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी तिचे उपकार मानून घरी बसलो असतो आणि दोष तिच्यावर ढकलला असता, हे ती जाणून होती. आदल्या संध्याकाळी भाजी निवडताना तिने विचारलं, पाण्यात कुठपर्यंत जाणार. मी म्हणालो, घोट्यापर्यंत. वर आलं तर? तर परत फिरणार. तिने भाजी बाजूला ठेवली.

"माझ्या गळ्याची शपथ घ्या."

मी घेतली. ती पुन्हा भाजी निवडायला लागली, पण चांगली पानं देठांबरोबर टाकत होती, हे मला दिसलं.

निघताना मी गणपतीच्या सजावटीतल्या उरलेल्या पताका, काठ्यांवर चिकटवलेल्या, लाल आणि पिवळ्या, पिशवीत तळाशी लपवून घेतल्या. कशासाठी हे मलाही नीट सांगता आलं नसतं. भित्र्या माणसाला रिकाम्या हाताने कुठे जाववत नाही.

पहाटे निघायचं ठरलं होतं. विठ्ठलरावांचे पोहे, प्रीतमची राहिलेली टोपी आणि ती आणायला गेल्यावर राहिलेला चष्मा, यात आठ वाजले. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समोर अफाट ओली रेती पसरली होती आणि समुद्र पार लांब, एका चकचकीत रेघेएवढा दिसत होता. एवढा मागे हटलेला समुद्र पाहून मला बरं वाटायला हवं होतं. पण उधारी मागायला आलेला माणूस दारातून काही न बोलता परत गेला की जसं वाटतं, तसं वाटलं. हा येणार, आणि जास्तीचं घेऊन येणार.

शिंपल्या काढायला गेलेल्या बायका टोपल्या घेऊन परत येत होत्या. झाडून सगळ्या येत होत्या, जाणारे आम्ही तिघंच. त्यांच्यातली एक म्हातारी, जिला बाकीच्या धोंडूबाई म्हणून हाका मारत होत्या, आमच्या काठ्यांकडे पाहून थांबली.

"आता कुठं चाललाव? पानी भरायला लागलं."

विठ्ठलरावांनी तिला सांगितलं की आम्ही मासे धरायला नाही, धरून सोडायला चाललोय. धोंडूबाईने ते मागच्या बायकांना सांगितलं आणि त्या सगळ्या टोपल्या सावरत हसल्या. मग विठ्ठलराव माझ्याकडे वळले. "लांजेकर, तुम्ही सांगा. पाणी भरतंय का?"

परत फिरायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. हो, एवढं एकच अक्षर बोलायचं होतं. पण बायका हसत होत्या, प्रीतम डोळे मोठे करून पाहत होता, आणि मी कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघितलं, अगदी जाणकारासारखं.

"अजून वेळ आहे," मी म्हणालो.

हे ऐकून प्रीतम काठी खांद्यावर टाकून निघालाही.

पट्ट्यावर जायच्या वाटेत एक ओहोळ लागतो. तेव्हा त्यात घोट्याएवढंच पाणी होतं, म्हणजे माझी शपथ शाबूत होती. प्रीतमला सरळ रेषेत जायचं होतं. मी बायकांच्या पावलांच्या खुणांवरून गेलो, कारण मला नवीन वाट काढायचा जन्मात कधी उत्साह आलेला नाही, आणि चाललोय तसेच चालू असं म्हणून ते दोघं माझ्या मागे आले. पाकटाच्या भीतीने आम्ही पाय न उचलता, नवीन चप्पल चावत असल्यासारखे, रेतीतून घासत निघालो. मी मुद्दाम मागे पडायचो, बुटाची नाडी बांधायला वाकायचो आणि एक पताका रेतीत खोचायचो. एवढ्या वेळा नाडी सुटलेली पाहून प्रीतमने मला चांगल्या कंपनीचे बूट सुचवले.

पट्ट्याच्या टोकाला पोचल्यावर खेळ सुरू झाला. प्रीतमची दोरी सुंदर उडत होती, फक्त पाण्याऐवजी वाऱ्याबरोबर त्याच्याच गळ्याभोवती येत होती. विठ्ठलरावांनी पहिल्याच झटक्यात स्वतःची टोपी पकडली आणि ती सोडवून घेतली, त्यामुळे पकडून सोडण्याचा पहिला मान त्यांना मिळाला. माझी माशी कुठे पडली होती मला माहीत नाही. मी समुद्राकडे पाठ करून किनाऱ्याकडे बघत उभा होतो. तिथून माझ्या पताकांची रांग दिसत होती, लाल, पिवळी, लाल, पिवळी, आणि ती दिसतेय तोवर सगळं ठीक आहे असं मी स्वतःला सांगत होतो. दर थोड्या वेळाने मोजत होतो.

आणि अशा वेळी हातातली काठी वाकली. मला वाटलं विठ्ठलरावांनी ओढली. पण ते दुसऱ्या बाजूला होते. दोरी सरसर पाण्यात निघाली आणि लांबवर एक चांदीसारखी पाठ पाण्याबाहेर येऊन गेली.

"काका, रावस! काका, सोडू नका," प्रीतम ओरडला. विठ्ठलराव धावत आले आणि माझ्या कमरेला मागून धरून उभे राहिले. पाऊण आयुष्य कोकणातला म्हणून मिरवल्यावर समुद्राने माझ्या हातात खरोखर मासा दिला होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सोसायटीच्या फळ्यावर माझा फोटो दिसायला लागला. मी दोरी आवरत होतो, मासा नेत होता, प्रीतम मोबाइल धरून गोल फिरत होता, आणि या सगळ्यात किती वेळ गेला कोणास ठाऊक. सवयीने मी मान वळवली आणि पताका मोजल्या.

किनाऱ्याकडच्या, ओहोळाजवळच्या पताका पाण्यात उभ्या होत्या. एकीचा तर नुसता कागद वर होता, आणि मी पाहत असतानाच तोही दिसेनासा झाला.

समुद्र समोरून येतो अशी माझी समजूत होती. तो मागून आला होता. आम्ही समोर रावस बघत होतो आणि त्याने ओहोळातून वळसा घालून आमची परतीची वाट भरायला घेतली होती. मी नुसता हात केला. प्रीतमने पाहिलं आणि त्याचा मोबाइलचा हात खाली आला. पाणी आमच्या नडग्यांना लागत होतं. हा पट्टा आता नक्की कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत आला होता, याबद्दल शंका उरली नव्हती.

"तुम्ही दोघं पोहून जा," मी कसंबसं म्हणालो. "मला पोहता येत नाही."

प्रीतम पांढरा पडला. ते कार्ड त्याच्या बायकोचं होतं. तो तलावाच्या काठावर बसून व्हिडिओ बघायचा. आम्ही दोघांनी विठ्ठलरावांकडे पाहिलं. त्यांनी अजून माझी कंबर सोडली नव्हती.

"कृष्णाकाठी जन्मलो," ते बारीक आवाजात म्हणाले. "काठीच."

तिघंही एकमेकांच्या भरवशावर आलो होतो. मी दोघांच्या, ते दोघं माझ्या. त्या क्षणी मला इतकी भीती वाटली की तिच्यापुढे आधीच्या सगळ्या भीत्या लाडाच्या वाटाव्यात. आशालतेचा चेहरा दिसला, देठांबरोबर टाकलेली पानं दिसली. रावस अजून ओढत होता. मी दोरी तोंडात धरली आणि दातांनी तोडली. पकडा आणि सोडा या प्रकारातलं सोडा एवढंच मी आयुष्यात मनापासून केलं.

"माझ्या मागून या," मी म्हणालो. "पताकांवरून."

प्रीतमला घाईने सरळ किनारा गाठायचा होता, तो दिसतही जवळ होता. मी त्याचा शर्ट धरून ओढला. बायका जिथून चालल्या तिथे तळाला रेती घट्ट होती, बाजूला काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या जागी मी कधी पाय टाकत नाही. हात धरून आम्ही निघालो, पुढे मी, मध्ये विठ्ठलराव, मागे प्रीतम. पाणी गुडघ्यावर आलं, मग मांडीवर. पाकटाची आठवण कोणालाही झाली नाही. ओहोळात उतरलो तेव्हा ते कमरेवर आलं आणि ओढायला लागलं. इथल्या पताका बुडाल्या होत्या. पण कुठे खोचल्या होत्या ते मला पाठ होतं, इतक्या वेळा मोजल्या होत्या. मी पाय पुढे सरकवून चाचपत होतो आणि पायाला काठी लागली की पुढचं पाऊल टाकत होतो. विठ्ठलराव मोठ्याने रामरक्षा म्हणत होते आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. पाणी छातीला लागलं. मी थांबलो. पुढची काठी पायाला लागत नव्हती.

थांबलो ते किती वेळ, सांगता येणार नाही. पाणी चढताना कळत होतं. मी रडत होतो आणि ते कोणाला दिसत नव्हतं, कारण सगळे आधीच ओले होते. मग उजवा पाय अजून थोडा लांब केला आणि बुटाला काठी लागली. मग पुढची. मग पाणी कमरेवर आलं, मांडीवर, आणि शेवटी आम्ही कोरड्या रेतीवर गुडघ्यांवर पडलो. मागे वळून पाहिलं तर पट्टा नव्हताच. सगळा समुद्र होता, सपाट, काही झालंच नाही असा.

धोंडूबाई तिथेच शिंपल्या धूत बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं.

"सोडलाव का मासं?" तिने विचारलं.

सोडले, असं मी सांगितलं.

सोसायटीत पोचेपर्यंत उन्हावाऱ्याने कपडे वाळले होते. सुशीलाताईंकडे कथा चालू होती. चिखलाचे पाय म्हणून आम्ही दारातच उभे राहिलो. भटजी वाण्याची नाव बुडते तिथे आले आणि आम्ही तिघांनी एकदम दाराची चौकट धरली. नंतर द्रोणातला प्रसाद खाता खाता विठ्ठलरावांनी हकिकत सांगितली. तिच्यात पाणी डोक्यापर्यंत होतं आणि कोकणातल्या लांजेकरांनी जराही न घाबरता दोघांना ओढून आणलं. लोक माझ्याकडे आदराने बघायला लागले. पुढच्या महिन्यात महिला मंडळाची सहल समुद्रावर न्यायची आणि मी पुढे व्हायचं, हेही तिथल्या तिथे ठरलं. मी द्रोण खाली ठेवला.

आशालता सगळं ऐकत होती. घरी आल्यावर दार लावून तिने विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं?

"घोट्यापर्यंत," मी म्हणालो. "विठ्ठलरावांचं तू ऐकतेस काय."

ती जवळ आली. माझ्या शर्टावर खिशाच्या वर, या बाहीपासून त्या बाहीपर्यंत, वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मला ती दिसलीच नव्हती. तिने रेघेवर बोट ठेवलं, आणि तेच बोट तसंच सरळ स्वतःकडे नेलं. ती माझ्याहून बरीच बुटकी आहे. बोट तिच्या गळ्याला लागलं.

मी सगळं सांगितलं, पताका, रावस, रडलो ते, न लागलेली काठी. अजून वेळ आहे, असं मीच म्हणालो होतो, तेही सांगितलं. तिने शर्ट काढून घेतला आणि बादलीत टाकला.

"सहलीला मी येणार आहे," ती म्हणाली. "मी बरोबर असले की तुम्ही वेळेवर घाबराल."